चिठ्ठीच्या खालच्या चार ओळी

वयस्क स्त्री-रुग्णाला औषध देण्यापूर्वी तिचे माहेर विचारावे, ही कल्पना माझी नव्हती. गेली पाच वर्षे ती माझी म्हणून ओळखली जाते. पुण्याच्या एका परिषदेत मी ती मांडली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्या दिवशी मिळालेले मानपत्र माझ्या कचेरीत खुर्चीच्या बरोबर मागे टांगलेले होते, म्हणजे येणाऱ्याला दिसेल आणि मला दिसणार नाही अशा जागी. ती कल्पना एका परिचारिकेने एका चिठ्ठीच्या खालच्या चार ओळींत मला लिहून कळवली होती. मी त्या चार ओळी दुमडल्या आणि फक्त वरचा भाग वरिष्ठांना दाखवला. त्या वरच्या भागामुळे त्या बाईंना रुग्णांपासून कायमचे दूर केले गेले. हे मी कोणालाही सांगितले नव्हते. घरीही नाही.

मी डॉक्टर नाही. कोल्हापुरातल्या एका विश्वस्त संस्थेच्या रुग्णालयात मी नोंदणी विभागात कारकून म्हणून लागलो. पुढे रुग्णालयाने गुणवत्तेचे प्रमाणपत्र मिळवायचे ठरवले, तेव्हा अक्षर बरे आहे आणि माणूस वाद घालत नाही, या दोन गुणांवर मला प्रशिक्षणाला पाठवण्यात आले. परत आलो तो ‘गुणवत्ता विभागप्रमुख’ होऊन. विभाग म्हणजे एक खोली, एक कपाट आणि मी.

आरंभी मी ते काम श्रद्धेने केले, एवढे मला म्हणू द्यावे. हात कसे धुवावेत याची चित्रे प्रत्येक नळावर लावली. शस्त्रक्रियेपूर्वी मोठ्याने वाचायची यादी केली. पडण्याचा धोका असलेल्या रुग्णाच्या खाटेला पिवळी पट्टी बांधायला लावली. रोज सकाळी साडेसातला सगळ्या कक्षांच्या प्रमुखांनी उभ्याउभ्याच दहा मिनिटे भेटावे आणि काल काय चुकले ते सांगावे, अशी पद्धत घालून दिली. बसले की बैठक लांबते, म्हणून खुर्च्याच ठेवल्या नाहीत. आणि जिन्याखाली एक निळी पेटी टांगली. तिच्यावर माझ्याच अक्षरात लिहिले होते: ‘चूक सांगा. नाव नको. शिक्षा नाही.’

या सगळ्यात त्या पेटीवर माझा सर्वांत जास्त विश्वास होता. प्रशिक्षणात आम्हाला बजावले होते की, चूक करणारा माणूस बहुधा वाईट नसतो, त्याच्याभोवतीची पद्धत वाईट असते. तो घाबरून गप्प बसला तर पद्धत तशीच राहते आणि तीच चूक दुसऱ्या कोणाच्या हातून पुन्हा होते. हे मला पटले होते. अजूनही पटते. पटलेल्या गोष्टीविरुद्ध माणूस किती सहज वागतो, याचा पुरावा म्हणून मी स्वतःकडे बोट दाखवू शकतो.

त्या परिचारिकेला सगळे रुग्णालय अक्का म्हणे. त्या कुरुंदवाडच्या. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि रागावल्या की दोन्ही एकदम. कपाळावर विभूतीची फिकट रेघ, मनगटावर आतल्या बाजूला वळवलेले घड्याळ. स्त्रियांच्या कक्षात त्यांची वीस वर्षे गेली होती. त्यांची एक सवय सर्वांना ठाऊक होती: त्या वेळ मिनिटासकट लिहीत. बाकीच्या परिचारिका ‘आठ वाजता औषध दिले’ असे लिहीत. अक्का ‘आठ वाजून तीन मिनिटांनी’ लिहीत. नव्या मुली त्यावरून त्यांची थट्टा करत. “अक्का, सेकंद राहिलं की वो!” असे कोणी म्हटले की त्या म्हणत, “तुज्या लग्नाचा मुहूर्त काढंन तवा सेकंद बी घालतो. आदी ती सलाईन बघ.”

रुग्णाची ओळख पटवण्याचा नियम मी आणला तेव्हाची गोष्ट. औषध देण्यापूर्वी रुग्णाने स्वतःच्या तोंडाने आपले पूर्ण नाव सांगितले पाहिजे, परिचारिकेने ते सुचवायचे नाही, असा तो नियम. त्याच्या प्रशिक्षणाला चाळीसेक परिचारिका बसल्या होत्या. अक्का मागच्या रांगेतून उभ्या राहिल्या.

“साहेब, एक सांगू का? आमच्याकडं येणाऱ्या निम्म्या म्हाताऱ्या पूर्ण नाव सांगत न्हाईत.”

“का बरं?”

“पूर्ण नावात नवरा येतोय की. त्येचं नाव त्या जलमात घेत न्हाईत.”

मुली हसू लागल्या. अक्का हसल्या नाहीत. “उखाण्यात घेतील एकवेळ,” त्या म्हणाल्या. “मग काय, गोळी हातात धरून आदी उखाणा घ्या म्हणू?”

आता सगळे सभागृह हसत होते. मला त्या हसण्याचा राग आला, कारण तो नियम मी फलकावर सुंदर अक्षरात लिहून आणला होता. मी म्हणालो, “अक्का, काळ बदलला आहे. आपणही थोडं बदलू या.” पुन्हा हशा झाला, या वेळी त्यांच्यावर. त्या खाली बसल्या. आपण उत्तर दिले, असे मला तेव्हा वाटले.

त्यानंतर काही महिन्यांनी स्त्रियांच्या कक्षात शेजारशेजारच्या खाटांवर दोन वृद्धा होत्या. एक गारगोटीकडची, तिला मधुमेह होता आणि रोज सकाळी इन्सुलिनची सुई असे. दुसरी कसबा बावड्याची, पायाला सूज आली म्हणून दाखल झालेली. दोघींचे नाव एक, आडनाव एक. फरक होता तो फक्त नवऱ्याच्या नावाचा. वय विचारले तर दोघींचे उत्तर ‘आसंल की सत्तरच्या आसपास’. हातावर बांधायचे क्रमांकाचे पट्टे तेव्हा फक्त शस्त्रक्रियेच्या रुग्णांना मिळत. आणि आदल्या संध्याकाळी, पंख्याचा वारा सोसत नाही म्हणून, त्या दोघींनी आपापसांत खाटा बदलल्या होत्या.

अक्का सकाळी सुई घेऊन गेल्या. नाव विचारले. वृद्धेने नाव सांगितले, आडनाव सांगितले. “मधलं सांगा की आज्जी,” अक्का म्हणाल्या. वृद्धेने पदर तोंडाला लावला आणि भिंतीकडे बघून हसली. अक्कांनी पुन्हा विचारले. तिने पुन्हा पदर लावला. नवऱ्याचे नाव स्वतः पुढे करणे माझ्या नियमात बसत नव्हते आणि त्या म्हातारीला अधिक भरीस घालणे अक्कांच्या मनात बसत नव्हते. “ऱ्हाऊ द्या,” त्या म्हणाल्या आणि सुई दिली.

थोड्याच वेळात शेजारच्या खाटेवरून आवाज आला, “बाई, आज माजी सुई न्हाय व्हय?”

अक्कांनी काय झाले ते त्या एका वाक्यात ओळखले. त्यांनी डॉक्टरांना हाक मारली, साखरेचे पाणी पाजले, सलाईन लावले, आणि तासभर त्या बाईचा हात हातातून सोडला नाही. बाईला घाम फुटला, थरथर झाली, पण शुद्ध गेली नाही. सून आली तेव्हा अक्कांनी तिला बाजूला घेऊन स्वतः सांगितले: दुसऱ्याची सुई तुमच्या सासूबाईंना दिली गेली, माझ्या हातून. सून रडली, भांडली, मग शांत झाली. दोन दिवसांनी ती बाई चालत घरी गेली.

शनिवारी मी निळी पेटी उघडली. चिठ्ठीवर नाव नव्हते. ‘सकाळी सहा वाजून बावीस मिनिटांनी’ अशी सुरुवात होती. घडलेले सगळे होते, खाटांच्या अदलाबदलीसह. आणि खाली, थोडी जागा सोडून, चार ओळी:

‘नाव विचारण्याची पद्धत आपल्याकडच्या बायकांना लागू पडत नाही. प्रशिक्षणात सांगितले होते. नवऱ्याच्या नावाऐवजी माहेरचे गाव विचारावे, ते सगळ्या आनंदाने सांगतात आणि फायलीवर आधीच लिहून ठेवता येते. पद्धत बदलली नाही तर पुन्हा होईल.’

मी ती चिठ्ठी किती वेळा वाचली ते आठवत नाही. ‘प्रशिक्षणात सांगितले होते’ हे शब्द मात्र अजून डोळ्यांसमोर आहेत. त्यांत तक्रार नव्हती. तक्रार असती तर मला सोपे गेले असते.

तीन आठवड्यांवर प्रमाणपत्रासाठी तपासणी आली होती. रुग्णालयाच्या संचालकांनी, जे स्वतः डॉक्टर आहेत, मला बोलावले. त्या सुनेच्या भांडणाची कुणकुण त्यांच्यापर्यंत पोहोचली होती. “पेटीत काही आलं आहे का?” त्यांनी विचारले. मी चिठ्ठीची छायाप्रत त्यांच्यापुढे ठेवली. प्रत काढताना मी खालचा भाग दुमडला होता. इतका नीट, की कागद तेवढाच होता असे कोणालाही वाटावे.

“नियम होता ना, पूर्ण नाव ऐकल्याशिवाय द्यायचं नाही?”

“होता.”

“मग मोडला कोणी?”

“चिठ्ठीवर नाव नाही, साहेब. नाव सांगणं आपल्या पद्धतीत बसत नाही.” इथे मी थांबलो असतो तर आज हे लिहावे लागले नसते. पण मी पुढे म्हणालो, “सहा वाजून बावीस मिनिटं, असं आपल्याकडे कोण लिहितं, ते मात्र सगळ्यांना माहीत आहे.”

मी नाव घेतले नाही. बरीच वर्षे मी स्वतःला हेच समजावत आलो.

पुढच्या सोमवारी अक्कांची बदली तळघरातल्या निर्जंतुकीकरण विभागात झाली. तिथे शस्त्रक्रियेची हत्यारे धुऊन, हिरव्या कापडात बांधून वाफेच्या यंत्रात घालतात. काम महत्त्वाचे आहे, पण तिथे रुग्ण येत नाही. ज्या बाईने वीस वर्षे म्हाताऱ्यांच्या उशा सारख्या केल्या तिला मी कात्र्या आणि चिमटे मोजायला बसवले.

सगळ्यांना सगळे समजले. पेटीत चिठ्ठ्या येणे थांबले. तपासणीला आलेल्या मंडळींना मी पेटी उघडून दाखवली आणि चुका कमी होत गेल्याचा आलेख दाखवला. आलेख खरा होता. तो चुकांचा नव्हता, चिठ्ठ्यांचा होता, एवढेच मी सांगितले नाही. प्रमाणपत्र मिळाले. पेढे वाटले गेले.

वर्षभराने मी माहेरचा नियम आणला. आणताना ‘आमच्या विभागाने अभ्यास करून’ असे लिहिले. विभागात मी एकटाच होतो, हे वर सांगितलेच आहे. नियम चांगला चालला. फायलीच्या पहिल्या पानावर माहेरचे गाव लिहिले जाऊ लागले, आणि कण्हत पडलेल्या बायका ‘माहेर कुठलं?’ म्हटले की उशीवरून मान उचलून गाव सांगू लागल्या. कोणी गावाबरोबर विहीर सांगे, कोणी भाऊ सांगे. कक्षातून जाताना तो प्रश्न कानावर आला की मी पावले उचलून चालत असे. दिवसातून कितीतरी वेळा तो विचारला जातो.

या वर्षांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. दर वर्षी वरून एक नवा शब्द येतो, त्याचे फलक रंगतात, जुने फलक गच्चीवर जातात. मी यादी करतो, यादीवर खुणा होतात, खुणांची टक्केवारी निघते. संध्याकाळी बावड्याला घरी जाताना, गळिताचा हंगाम असला तर, कारखान्याचा गोडसर जळका वास येतो आणि स्कूटरवर माझे डोळे मिटू लागतात. हा थकवा कामाचा नाही, हे मला बराच काळ कळले नाही. वय झाले असे मी समजत होतो.

यंदाच्या एका सकाळी मी जिन्याखाली पेटीचे गंजलेले कुलूप बदलत होतो. स्त्रियांच्या कक्षातली एक तरुण परिचारिका जवळ येऊन उभी राहिली. हातात घडी घातलेला कागद होता.

“साहेब, ह्ये हितं टाकायचं असतंय न्हवं?”

“हो. टाका.”

ती घुटमळली. “अक्कांगत तर न्हाय ना करणार?”

ती रुजू झाली तेव्हा अक्कांना तळघरात जाऊन तीन वर्षे झाली होती. तिने त्यांना कक्षात कधी पाहिलेही नसेल. “नाही,” मी म्हणालो. तिने माझ्याकडे नीट पाहिले, मग पेटीवरची अक्षरे वाचली, पुन्हा माझ्याकडे पाहिले आणि कागद खिशात घातला. “बगते,” म्हणाली आणि जिना चढून गेली.

त्या कागदात काय होते ते मला माहीत नाही. कोणत्या खाटेवर काय चुकले होते, कोणाला चुकीची गोळी गेली होती की नुसतीच जाता जाता राहिली होती, कोणती पद्धत पुन्हा कोणाला तरी इजा करणार होती, ते त्या खिशात होते. अशा किती चिठ्ठ्या गेल्या सहा वर्षांत खिशातच राहिल्या, याचा विचार करत मी तिथे जुने कुलूप हातात धरून उभा राहिलो. तोवर माझा अपराध मी अक्कांपुरता धरला होता. तो प्रत्येक खाटेपाशी जाऊन बसला होता.

अक्का त्या महिनाअखेरीस निवृत्त होणार होत्या. मी तळघरात गेलो.

त्या स्टुलावर बसून कात्र्यांची गाठोडी बांधत होत्या. घड्याळ तसेच, आतल्या बाजूला. केस पिकले होते. सहा वर्षांत मी त्या खोलीत दर तिमाहीला तपासणीसाठी गेलो होतो आणि प्रत्येक वेळी यंत्राशी बोलून परत आलो होतो.

“अक्का, मला तुमच्याशी बोलायचं आहे.”

“बोला की. वाफ धरायला अजून अकरा मिनिटं हाईत.”

मी सांगितले. दुमडलेला भाग, संचालकांपुढचे ते वाक्य, परिषद, मानपत्र. माझी वाक्ये अर्धवट राहत होती. त्या गाठ मारत राहिल्या.

“मला ठावं हाय,” शेवटी त्या म्हणाल्या. “म्हायेराचा नियम लागला तवाच कळलं. माज्याच चिठ्ठीतली वळ आन् वळ व्हती ती. नुसतं ‘आनंदानं’ तेवढं तुमी गाळलंसा.”

“मग तुम्ही बोलला का नाहीत?”

“कुणाला बोलू? तकरार टाकायची पेटी तुमचीच की वो साहेब.” त्या हसल्या. ते हसू मला सोसवले नाही. मग हात थांबवून त्या म्हणाल्या, “येक खरं सांगू? रागानं पयलं वरीस निगालं. मग वाटलं, नियम तर लागला. म्हाताऱ्या गावाचं नाव घेऊन गोळी खात्यात. चांगलं झालं. पर पोरी लिवायच्या बंद झाल्या, त्ये वाईट झालं. त्ये माज्यामुळं झालं आसं वाटतंय मला.”

“तुमच्यामुळे नाही. माझ्यामुळे,” मी म्हणालो. “मी क्षमा मागायला आलो आहे.”

“हितं?” त्यांनी खोलीभर पाहिले. “हितं मी आन् ह्यो वाफंचा डबा. आमी दोगं बी कुणाला सांगत न्हाई. तुमास्नी बरं वाटंल, घरी जाऊन झोपशीला. पोरींचं काय? त्यास्नी दिसाय नको, की लिवलं तर काय हुतंय, आन् खोटं वागलं तर काय हुतंय? वर जाऊन बोला. सकाळच्या उभ्या मीटिंगीत.” यंत्राची शिट्टी वाजली. त्या उठल्या.

दुसऱ्या दिवशी मी संचालकांना सगळे सांगितले. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“अहो, पुन्हा तपासणी तोंडावर आली आहे. निरोपाच्या कार्यक्रमात शाल जरा भारीतली द्या, दोन शब्द चांगले बोला, मिटलं. आता हे उकरून तुम्ही मलाही त्यात ओढणार.”

“तुम्हाला जेवढा कागद दाखवला तेवढ्यावर तुम्ही ठरवलंत. अर्धा कागद मी दाखवला. मी तेवढंच सांगणार आहे.”

“आणि तुमच्या पदाचं काय?”

“ते तुम्ही पूर्ण कागद वाचून ठरवा,” मी म्हणालो आणि मूळ चिठ्ठी त्यांच्यापुढे उलगडली. ती मी फाडली नव्हती. कपाटात, माझ्या प्रशिक्षणाच्या वहीत ठेवली होती. का ठेवली, याचे प्रामाणिक उत्तर मला देता येत नाही. त्यांनी ती वाचली. खालच्या चार ओळी पुन्हा एकदा वाचल्या. “करा काय करायचं ते,” म्हणाले आणि चिठ्ठी परत दिली.

अक्कांच्या नोकरीला चार दिवस राहिले होते. साडेसातची बैठक नेहमीच्या जागी, भिंतीवरच्या फळ्यापाशी भरली. मी प्रत्येक कक्षातून येता येतील तेवढ्या परिचारिकांना बोलावले होते. मेट्रन कोपऱ्यात होत्या. संचालक आले, दाराशी उभे राहिले, आत आले नाहीत. अक्का तळघरातून हिरवा झगा तसाच घालून आल्या आणि मागच्या बाजूला थांबल्या, सहा-सात वर्षांपूर्वी प्रशिक्षणात थांबल्या होत्या तशा. त्यांच्या पुढे ती तरुण मुलगी होती. तिचा एक हात खिशात होता.

मी भिंतीवरून मानपत्र काढून आणले होते. ते फळ्याला टेकवून ठेवले. मग चिठ्ठी वाचली, सहा वाजून बावीस मिनिटांपासून शेवटच्या ओळीपर्यंत, ‘आनंदाने’ या शब्दासकट. वाचून झाल्यावर घडी कुठे पडली होती ते कागद वर धरून दाखवले. मला खाली बसावेसे वाटत होते, आणि त्या खोलीत मीच खुर्च्या ठेवू दिल्या नव्हत्या.

मग मी अक्कांचे पूर्ण नाव घेतले, जे सहा वर्षांपूर्वी न घेता घेतले होते, आणि सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो:

“यांनी त्या बाईला वाचवलं, स्वतःची चूक स्वतः लिहून दिली आणि ती पुन्हा होऊ नये म्हणून उपायही लिहून दिला. चूक माझ्या नियमात होती. ती झाकायला मी हा कागद दुमडला, यांना रुग्णांपासून तोडलं, आणि यांचा उपाय माझा म्हणून मिरवला. पेटीवर शिक्षा नाही असं मी लिहिलं आणि पहिल्याच खऱ्या चिठ्ठीला मी शब्द मोडला. तुम्ही लिहिणं सोडलंत, त्याचा दोष तुमचा नाही. अक्का, मी तुमचा अपराधी आहे. मला क्षमा करा.”